सुटे साहित्य उचलण्याची जबाबदारी पंचांवर टाका: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
स. न. वि. वि.

शालेय सॉफ्टबॉल स्पर्धांसाठी पंचांना ज्या लेखी सूचना द्याल, त्यांत एक कलम घालावे अशी आमची मागणी आहे: सामन्याआधी आणि प्रत्येक हाफ इनिंगआधी (एका संघाच्या बॅटिंगच्या पाळीआधी) मैदानातले सुटे साहित्य हलवून घेणे हे पंचांचे काम.

खेळ चालू असताना मैदानात काय पडलेले चालते? बॅटरने टाकलेली बॅट, कॅचरचा मास्क, पंचांच्या वस्तू आणि धावताना निसटलेले हेल्मेट. जादा ग्लोव्ह, सरावाच्या वेळी बॅटला लावायचे वजन, किटबॅग, बॉलची बादली हे सगळे डगआउटमध्येच (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेतच) हवे. पहिल्या बेसवरचा थ्रो चुकून बाकाकडे गेला आणि किटबॅगला लागला की डेड बॉल, म्हणजे खेळ तिथेच थांबतो. बॅग बॅटिंग करणाऱ्या संघाची असेल, तर ज्याला बाद करण्याचा प्रयत्न चालू होता तो रनर बाद. तसा प्रयत्न नसेल तर रनर शेवटच्या स्पर्श केलेल्या बेसवर परततात. बॅग फिल्डिंग करणाऱ्यांची असेल, तर रनरना थ्रोच्या वेळच्या स्थानापासून दोन बेस पुढे जायला मिळतात. म्हणजे बॅग कोणाची यावर सामना फिरू शकतो, आणि हा वाद घालणारी मुले असतात चौदा वर्षांची! बॅग आधीच उचलली असती तर हा प्रश्नच आला नसता.

होम प्लेटजवळची, म्हणजे बॅटर उभा असतो तिथली, बॅट जास्त धोक्याची. नियमाने ती तिथे चालते, पण थ्रोकडे डोळे लावलेला कॅचर तिच्यावर पाय देतो आणि घोटा मुरगळतो. घसरत येणारा रनर थेट तिच्यावर येतो. ती ओढून घेणे हे आधी ऑन-डेक बॅटरचे (पुढची पाळी असलेल्या बॅटरचे) काम. त्याला जमले नाही आणि बॉल अजून आउटफिल्डमध्ये असेल, तर प्लेट अंपायरने (होम प्लेटमागच्या पंचाने) ती थ्रोच्या वाटेपासून दूर, फाउल भागात (फाउल लाइनच्या बाहेर) सरकवावी. थ्रो सुटल्यावर मात्र वाकू नये. नजर हटते, निर्णय चुकतो आणि पंचच आडवा येतो.

चालू खेळात वस्तू दिसली म्हणून ‘टाइम’ देऊ नये. बॉल तिला लागेपर्यंत खेळ जिवंत असतो. दोन पिचच्या (पिचरने बॉल टाकण्याच्या) मधे दिसली, तर हात वर करून पिचरला थांबवावे. पंचाने स्वतःचा मास्क डाव्या हातात धरावा, जमिनीवर ठेवू नये.

यासाठी प्रत्येक सामन्याला किमान दोन पंच हवेत. प्लेट अंपायर आणि बेस अंपायर यांनी एकेका फाउल लाइनची बाजू वाटून घेतली तर पाहणीला मिनिटभरही लागत नाही. एकटा पंच पिचरने टाकलेल्या बॉलकडे बघेल की बाकांकडे? शिवाय डगआउटला जाळी आणि बॅट ठेवायला रॅक नसेल, तर साहित्य पुन्हा मैदानातच येणार. या दोन गोष्टी मैदान मंजूर करण्याच्या अटींत घालाव्यात आणि पंचांचे कलम पुढच्या शालेय हंगामाआधी लागू करावे.

आपले,
सॉफ्टबॉलचे पंच व प्रशिक्षक