जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा लेख मला भाचीसाठी बोलणी चालू असलेल्या घराकडून व्हॉट्सअॅपवर आला. 'हा आजार जनुकीय बदलांमुळे होतो' या वाक्याखाली लाल रेघ होती आणि सोबत निरोप, 'घराण्यातलं दिसतंय, जरा थांबू या.' भाचीची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, याच आजाराने ५४ व्या वर्षी गेली. लेखातले वाक्य बरोबरच आहे. घोळ शीर्षकात आहे, तिथे 'आनुवंशिक' हा शब्द वापरला आहे.

मी डॉक्टर नाही. २७ वर्षे प्रयोगशाळेत पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशींच्या, स्लाइड वाचल्या. खेड्यावरून आलेल्या कितीतरी स्लाइड वेळेत स्पिरिटमध्ये न बुडवल्याने वाळलेल्या असत. त्या परत पाठवताना जीव तुटे, कारण ती बाई बहुधा पुन्हा येत नसे. स्लाइड चांगली असली की मात्र सगळे दिसते. निरोगी पेशी पसरट, मध्ये मोहरीसारखे केंद्रक. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूने धरलेल्या पेशीत केंद्रक मनुक्यासारखे सुरकुतते आणि भोवती फिके रिंगण पडते. पुढच्या पायरीवर केंद्रकच फुगून, काळवंडून पेशीभर पसरते. हे ओळखायला मी लवकर शिकले, ते का होते ते बऱ्याच उशिरा कळले.

एचपीव्ही या विषाणूचा डीएनए म्हणजे जेमतेम ८ हजार अक्षरांचे एक कडे. बहुतेक जणींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींमध्ये ठाण मांडतो. त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार वाईट, सुमारे ७० टक्के रुग्ण त्यांचेच. अशा वेळी कधीतरी ते कडे तुटते आणि पेशीच्या गुणसूत्रात घुसून बसते. तुटते ते पुष्कळदा ई-२ या जनुकापाशी, आणि ई-२ म्हणजे विषाणूच्याच ई-६ आणि ई-७ या जनुकांचा कासरा. कासरा तुटला की दोघे मोकाट. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे किंवा मरायला लावणारे पी-५३ हे प्रथिन ई-६ संपवते. आरबी नावाचे प्रथिन पेशीविभाजनाचे फाटक राखून असते, त्याला ई-७ निकामी करते. मग राखणच नसल्यावर पेशीच्या स्वतःच्या जनुकांची मोडतोड साचत जाते. तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या जादा प्रती पडतात. पेशीला म्हातारी होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे एक जनुक तिथेच आहे. या सगळ्याला बहुधा १० ते २० वर्षे लागतात.

हे बदल गर्भाशयमुखाच्या पेशींत होतात, स्त्रीबीजात नव्हे. म्हणून ते आईकडून लेकीत उतरत नाहीत. स्तनाच्या कर्करोगात बीआरसीए जनुकाचा दोष काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तसे हे नाही. विषाणूला हुसकावण्याची उपजत ताकद कोणात कमी, कोणात जास्त असते, नात्यागोत्याचा काय तो तेवढाच हात. आणि विषाणू येतो शरीरसंबंधातून. मुलीच्या घराण्याची चौकशी करणाऱ्यांना तो मुलाकडूनही येतो हे सुचले नाही. बोट मला कोणाकडेच दाखवायचे नाही. तो इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी गाठतोच.

आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा आणि आमच्या बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. २००९ साली निष्कर्ष छापून आला: विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात, ३४,१२६ जणींत, या कर्करोगाचे मृत्यू ३४. तुलनेसाठी ठेवलेल्या, नेहमीच्याच सोयीवर सोडलेल्या ३१,४८८ जणींत ६४. त्या ६४ जणींचा आकडा माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरी. ताईची स्लाइड मी कधी पाहिलीच नाही. 'मला काय धाड भरलीय' म्हणून ती टाळायची, मीही रेटले नाही. पाळी बंद होऊन दोन वर्षांनी पुन्हा अंगावर जाऊ लागले तेव्हा ती आली.

कात्रण पाहून भाचीने विचारले, "मावशी, माझ्यात पण असेल का गं ते?" म्हटले, आईचे तुझ्यात आलेले नाही, पण तिशी आली की एचपीव्हीची चाचणी करून घे, मी सोबत येते. धाकट्या नातीला मात्र पुण्याच्या सीरमची लस देऊन झाली आहे. विषाणू यायच्या आधी घेतली तरच तिचा खरा उपयोग. एकदा गुणसूत्रात रुतलेले कडे ती काढू शकत नाही.

शीर्षकाची दुरुस्ती आपण छापावी, आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत. ते कात्रण मी मुलाकडच्यांना पाठवणार आहे. स्थळाचे पुढे काय करायचे ते भाची बघेल.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, बार्शी
(बोलणी अजून मोडलेली नाहीत, म्हणून नाव छापू नये.)