चेकॉव्हच्या कथांची कालसूची करणाऱ्यांस जाहीर आभारपत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

सूचीवर तुम्ही नाव घातलेले नाही, म्हणून हे पत्र असे उघडच लिहावे लागते आहे. रशियन लेखक अंतोन चेकॉव्हच्या कथांचा तुमचा तक्ता आमच्या वाचनगटात प्रत्येकाच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेला आहे. आभार मानायचे तर नेमके कशाबद्दल तेही सांगायला हवे. ‘स्तुत्य उपक्रम’ म्हणून मोकळे होणे एवढ्या कष्टाच्या कामाला शोभणार नाही.

इंग्रजीतून चेकॉव्ह सलग वाचू पाहणारा वाचक बहुधा कॉन्स्टन्स गार्नेटच्या अनुवादापाशी येतो. १९१६ ते १९२२ या काळात निघालेले १३ खंड, २०१ कथा. अनुवाद आजही वाचनीय आहे, पण खंडांतला क्रम काळाचा नाही. पहिलाच खंड उघडा. सुरुवात ‘द डार्लिंग’ने होते, ती १८९९ची. लगेच १८९५ची ‘अरिअ‍ॅडनी’, मग १८८७ची ‘पोलिंका’, १८८६ची ‘अन्यूता’, आणि थोड्याच पानांवर १८८३ची ‘द ट्रूसो’. एकोणचाळीस वर्षांचा मुरलेला लेखक आणि तेवीस वर्षांचा वैद्यकाचा विद्यार्थी एकाच खंडात शेजारी बसतात. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘बुवा मोठा, पण फार खालीवर लिहितो’ असा शेरा मारून पुस्तक ठेवून देतो. तुमच्या पहिल्या रकान्यातल्या सालाने हा गैरसमज जागच्या जागी मिटतो.

आमच्या मते मात्र खरी मौल्यवान गोष्ट दुसऱ्या रकान्यात आहे: कथा प्रथम कुठे छापून आली. ‘ओस्कोल्की’ हे संपादक लेयकिनचे विनोदी साप्ताहिक. तिथे मर्यादा साधारण शंभर ओळींची आणि मोबदला ओळीला ८ कोपेक. ‘द डेथ ऑफ अ गव्हर्नमेंट क्लार्क’ शेवटच्या ओळीत झटका देऊन का संपते, माणसाचे वर्णन एका लकबीत का उरकते, हे त्या शंभर ओळी लक्षात घेतल्या की कळते. १८८६ साली सुवोरिनच्या ‘नोवोये व्रेम्या’ या दैनिकाने जागा वाढवून दिली, दरही ओळीला १२ कोपेक झाला, आणि त्याच वर्षापासून कथांमध्ये हवा, संध्याकाळ, वाट पाहणे या गोष्टींना जागा मिळू लागते. १८८८मध्ये ‘द स्टेप’ आली ती ‘सेवेर्नी वेस्तनिक’ या जाडजूड मासिकात. लेखक वाढत होता हे तर खरेच, पण त्याला मिळणारा कागदही वाढत होता. दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहिले की हे आपोआप दिसते.

तळटीप क्रमांक ३ बद्दल वेगळे आभार. १८९९मध्ये चेकॉव्हने आपल्या लेखनाचे हक्क प्रकाशक मार्क्स यांना ७५,००० रुबलना विकले आणि त्या आवृत्तीसाठी जुन्या कथा पुन्हा हाताखाली घेतल्या. अनेक गाळल्या, अनेक खरवडल्या. म्हणजे ‘१८८३’ हे साल कथा पहिल्यांदा छापल्याचे. आपण वाचतो तो मजकूर पुष्कळदा नंतरच्या हाताचा. १९७४ ते १९८३ दरम्यानच्या तीस खंडांच्या रशियन अकादमी आवृत्तीतही हाच पेच आहे: कथांची मांडणी काळानुसार, मजकूर लेखकाने शेवटी मान्य केलेला, आणि जुने पाठ खंडाच्या मागे. हे न कळल्याने ‘अगदी विशीतच किती संयम होता’ अशी वाक्ये लिहिली जातात. तुम्ही अशा कथांपुढे फुली मारली आहे आणि ‘फॅट अँड थिन’चे उदाहरण दिले आहे, ते अचूक निवडले आहे. १८८३च्या पाठात लठ्ठ मित्र हा बारक्याचा नवा वरिष्ठ निघतो आणि त्याला झापतो, त्यामुळे बारक्याच्या घाबरण्याला सरळ कारण मिळते. १८८६च्या संग्रहासाठी लेखकाने ते कारणच काढून टाकले. आता लठ्ठ माणूस प्रेमाने बोलतोय, त्याचा याच्या नोकरीशी काही संबंध नाही, आणि तरी हा आक्रसत जातो. कथा तिथे जन्मली, १८८३मध्ये नव्हे.

याच कथेला तुम्ही हुद्द्यांचा छोटा तक्ता जोडला आहे, तो मागे न टाकता पुढे पहिल्या पानावर घ्यावा असे आम्हाला वाटते. पीटर बादशहाने १७२२मध्ये घालून दिलेल्या चौदा पायऱ्या; १ सर्वांत वरची, १४ सर्वांत खालची. बारका कॉलेजिएट असेसर, म्हणजे आठवा. लठ्ठ प्रिव्ही कौन्सिलर, म्हणजे तिसरा. पाच पायऱ्यांचे अंतर कळले की विनोद कडू होतो. नाही कळले तर दोन मित्र स्टेशनवर भेटले एवढेच उरते. तसेच शिंक अंगावर उडाली म्हणून पुन्हापुन्हा माफी मागणाऱ्या कारकुनाच्या कथेतला (‘द डेथ ऑफ अ गव्हर्नमेंट क्लार्क’) ‘जनरल’. वाचक त्याला लष्करी समजतो. तो मुलकी अधिकारी आहे, दळणवळण खात्यातला, आणि शिंकणाऱ्या चेर्व्याकोवचा वरिष्ठसुद्धा नाही. हे कथेतच म्हटले आहे, पण भराभर वाचताना निसटते, आणि निसटले की माफी मागण्यातला वेडेपणाच निसटतो.

कथांच्या नावांची जुळणी हे हमालीचे काम. ते तुम्ही केलेत म्हणून इतरांना करावे लागत नाही. गार्नेटची ‘अ डॉक्टर्स व्हिजिट’ दुसरीकडे ‘अ मेडिकल केस’ होते, ‘अ‍ॅन आर्टिस्ट्स स्टोरी’ ही ‘द हाउस विथ द मेझनिन’, ‘द ग्रासहॉपर’ ही ‘द फिजेट’. दोन संग्रह विकत घेऊन एकच कथा दोनदा वाचणारे काही कमी नाहीत. याच्या उलटही होते. गार्नेटच्या नवव्या खंडात ‘मिझरी’ आणि ‘सॉरो’ अशा दोन कथा आहेत. दोन्हींत बर्फ, घोडा आणि घरातला मृत्यू. पहिली १८८६ची, मुलगा गेलेल्या योना या गाडीवानाची. दुसरी १८८५ची, बायकोला घसरगाडीतून दवाखान्यात नेणाऱ्या कातारी ग्रिगोरीची. चर्चेत निम्मे लोक एक कथा वाचून आलेले आणि निम्मे दुसरी, आणि दहा मिनिटे कोणाच्याच ध्यानात येत नाही, असे होऊ शकते. रशियन नाव देवनागरीत समोर दिल्यामुळे (‘तोस्का’ आणि ‘गोरे’) हा घोळ संपला.

पात्रांच्या नावांचे टिपण मोठ्या कथांपुरतेच ठेवलेत हे शहाणपणाचे. ‘वॉर्ड नंबर सिक्स’मध्ये आंद्रेय येफिमिच म्हणजेच डॉक्टर रागिन आणि इव्हान द्मित्रिच म्हणजेच रुग्ण ग्रोमोव, एवढे दोन कागदावर लिहून जवळ ठेवले तरी पुरते. पोस्टमास्तर मिखाईल आवेर्यानिच, वैद्यकीय मदतनीस सेर्गेय सेर्गेइच आणि नंतर येणारा डॉक्टर खोबोतोव बोलण्यावरून ओळखू येतात. तिथली तुमची बैठकींची विभागणीही आम्ही जशीच्या तशी पाळतो: प्रकरणे १९, पहिली बैठक आठव्याअखेर. पहिली चार प्रकरणे वॉर्डाची आणि ग्रोमोवची, पाचव्यापासून डॉक्टर, आणि नवव्यात दोघांचे पहिले मोठे बोलणे. त्या बोलण्याला ताज्या डोक्याने बसावे लागते. डॉक्टरचे तत्त्वज्ञान ऐकायला गोड आहे, थकलेला वाचक त्याला मान डोलावतो, आणि मग शेवट त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

छोट्या कथांबाबत तुमचा ‘एका बैठकीला तीन’ हा नियम आम्हाला आधी कंजूषपणाचा वाटला. तो बरोबर आहे. १८८३ ते १८८५च्या पंधरा-वीस कथा एका दमात वाचल्या की कलाटणी केव्हा येणार हे आधीच कळू लागते आणि सगळी पात्रे एकमेकांत मिसळतात. तीनांत एक हसरी, एक बोचरी आणि एक नुसती पाहणारी, अशी निवड केली तर चवी वेगळ्या राहतात.

जोड्यांचा रकाना वाचणाऱ्याला सर्वांत आवडेल असा आहे. ‘व्हांका’ आणि ‘स्लीपी’ एकत्र वाचायला सांगता, कारण दोन्हींत चांभाराच्या घरी राबणारे मूल आहे. व्हांका नऊ वर्षांचा, वार्का तेरांची. एक पत्र लिहितो आणि दुसरीला लिहिण्याइतकीही उसंत नाही. १८९८च्या त्रयीबद्दलची तुमची ताकीद (‘तोडू नये’) तर ठळक अक्षरांत हवी. ‘द मॅन इन अ केस’, ‘गूजबेरीज’, ‘अबाउट लव्ह’ या तिन्ही गोष्टी बुर्किन, इव्हान इव्हानिच आणि अल्योखिन आळीपाळीने सांगतात. निवडक संग्रहांत बरेचदा मधली एकटीच येते. मग तिच्या सुरुवातीला बुर्किन इव्हान इव्हानिचला आठवण करून देतो की प्रोकोफीच्या कोठारात तुम्ही एक गोष्ट सांगणार होतात, आणि वाचकाला कळत नाही की कुठले कोठार. इव्हान इव्हानिचच्या तोंडून त्याच्या भावाच्या आंबट फळांची गोष्ट ऐकून दोघे श्रोते नाखूश का होतात, हेही पुढची कथा वाचल्यावरच नीट लागते: अल्योखिनच्या मनात स्वतःची गोष्ट आहे.

‘द स्टेप’ अर्ध्यात सोडणाऱ्यांसाठी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, ‘वार्लामोवला शोधत राहा’. आठ प्रकरणांत घडत काहीच नाही अशी तक्रार करणाऱ्याला हा धागा पुरतो. लोकर विकायला निघालेली मोठी माणसे त्या व्यापाऱ्याच्या मागावर आहेत, सगळ्यांच्या तोंडी त्याचे नाव आहे, आणि नऊ वर्षांचा येगोरुश्का तो दिसण्याची वाट पाहतो. तो कसा दिसतो ते इथे सांगत नाही.

एका बाबतीत मात्र आमचे तुमच्याशी जुळत नाही. १८८०च्या ‘विद्वान शेजाऱ्यास पत्रा’पासून सरळ खाली वाचत यावे असे तुम्ही सुचवता. अभ्यासकाला ते ठीक. नव्या वाचकाने १८८६पासून सुरुवात करावी, १८८८पर्यंत यावे, मग मागे जाऊन १८८३ ते १८८५ पाहावे आणि तिथून थेट १८९२वर उडी घ्यावी. सुरुवातीची गंमत तिचे पुढे काय झाले हे ठाऊक असताना अधिक कळते. ‘द बिशप’ (१९०२) आणि ‘बिट्रोथ्ड’ (१९०३) शेवटी ठेवाव्यात, याबद्दल दुमत नाही.

दोन दुरुस्त्या, पुढच्या प्रतीसाठी. ‘व्हांका’ तक्त्यात १८८७खाली गेली आहे. ती २५ डिसेंबर १८८६ला आली, नाताळच्या अंकात. तुम्ही जुनी रशियन तारीख नव्या पंचांगात बदललीत, बारा दिवस पुढे गेलात आणि साल उलटले. बाकी सगळीकडे जुनी तारीख ठेवली आहे, तर इथेही तीच राहू द्यावी, म्हणजे नाताळ नाताळलाच येईल. फेब्रुवारी १९००नंतर हा फरक तेरा दिवसांचा होतो, तेवढी टीप घालावी. दुसरे, ‘द शूटिंग पार्टी’ कथांत धरली आहे. ती १८८४-८५मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः आलेली कादंबरी आहे, तिला वेगळ्या पानावर हलवावे.

नवी प्रत निघाली की तिच्यावर या वेळी नाव घालावे, ही आग्रहाची विनंती. कळावे, लोभ असावा.

आपले,
वाचनगटातील सर्वजण