बँकेचा व्हॅल्युअर आपल्या घराचा भाव ठरवायला येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुंभमेळा येतोय, रेट वाढणार, असं चहूकडून ऐकून आम्हीही मनात एक आकडा धरून बसलो होतो. इंदिरानगरचा आमचा २००४ सालचा टू बीएचके विकायचा होता, गिऱ्हाईक चांगलं मिळालं, अंबडला कंपनीत नोकरी करणारं तरुण जोडपं, ५२ लाखाला बोलणं झालं, विसार पावती झाली आणि आम्हाला वाटलं आता फक्त रजिस्ट्रेशन बाकी. मग त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे कर्जासाठी घराची किंमत काढणारा माणूस, येऊन गेला आणि रिपोर्ट आला ४६ लाखाचा. मला ते फार लागलं. इतकी वर्षं जपलेलं घर, आणि कोणीतरी वीस मिनिटांत सहा लाख कमी करून गेलं. आता व्यवहार पार पडलाय म्हणून शांतपणे लिहितेय, कारण विकणाऱ्याला याबद्दल आधी कोणी काही सांगत नाही, एजंटही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हे व्हॅल्युएशन बँक स्वतःसाठी करते. उद्या हप्ते थकले आणि घर विकावं लागलं तर किती पैसे सुटतील एवढंच तिला बघायचं असतं, म्हणून रिपोर्टात बाजारभावासोबत घाईने विकलं तर किती येतील तोही आकडा असतो. फी घर विकत घेणारा भरतो, रिपोर्ट बँकेकडे जातो, आपल्या हातात काहीच येत नाही. आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, हेच व्हॅल्युएशन असं बरेच जण धरून चालतात, तसं नाही, रेकनर स्टॅम्प ड्युटीसाठी, व्हॅल्युअर आजूबाजूचे झालेले व्यवहार बघतो.

आमच्याकडे आलेल्या मुलाने लेझरने खोल्या मोजल्या, दाराचे, जिन्याचे, लिफ्टचे, लाइटच्या मीटरचे फोटो काढले, चतुःसीमा करारनाम्याशी जुळवली, खाली वॉचमनला विचारलं की एवढ्यात इथला कुठला फ्लॅट कितीला गेला. मी हौसेने किचन ट्रॉली दाखवायला गेले, त्यात दीड लाख घातले होते, तर तो म्हणाला, "काकू, ट्रॉली, वॉर्डरोब, एसी हे आम्ही धरत नाही." वाईट वाटलं, पण त्याचं बरोबर होतं.

खरा फरक पडला तो मापाने आणि कागदाने. आम्ही ५२ लाखाचा हिशोब केला होता करारनाम्यातल्या ८९० चौरस फूट सुपर बिल्टअपवर, म्हणजे भिंती, जिना, लिफ्टचा वाटा धरून. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर नवीन बिल्डिंगला कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, बोलावं लागतं, पण जुने करारनामे बिल्टअप आणि सुपर बिल्टअपमध्येच लिहिलेले आहेत, आणि व्हॅल्युअर कार्पेट मोजतो. त्यात आमच्या ह्यांनी हॉलची बाल्कनी आत घेतलेली, मंजूर नकाशात ती उघडी आहे, म्हणून तेवढी जागा खोली म्हणून धरली नाही. वर कम्प्लीशनचा, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला आमच्याजवळ नव्हता. काही वर्षांपूर्वी कपाटांच्या वाढीव बांधकामावरून नाशकात किती बिल्डिंगांचे दाखले अडकले होते ते वाचकांना आठवत असेल, तेव्हापासून मला वाटतं बँकवाले इथं हा कागद जास्तच बघतात. पंचवटीत नदीकडे राहणाऱ्या माझ्या बहिणीला तर पहिला प्रश्न पूररेषेचा विचारला होता, २००८ च्या पुरानंतर तो प्रश्न सुटतच नाही. सिडकोतलं घर असेल तर लीजचे आणि ट्रान्सफरचे कागद मागतात. आणि बिल्डिंग जुनी असली की तिचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त आहे का ते बघतात.

आता सहा लाखाने काय झालं ते सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखापर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखाच्या कर्जाला ८० आणि त्यावर ७५ टक्के एवढीच मर्यादा आहे, आणि बँक ती किंमत धरते करारातली किंवा रिपोर्टातली, जी कमी असेल ती. ५२ च्या हिशोबाने घर घेणाऱ्या त्या मुलांना ४१ लाख ६० हजार मिळाले असते, ४६ च्या हिशोबाने ३६ लाख ८०. म्हणजे चार लाख ८० हजार एका दुपारी कमी पडले, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन तर लोनमध्ये धरत नाहीतच, ते त्यांना वेगळं उभं करायचं होतं. ती मुलगी फोनवर रडली. विसार परत द्यायचा का, की व्यवहार आमच्यामुळे मोडला असं होतं, यावर पावतीत एक ओळही नव्हती, म्हणून सांगते, लोन किंवा व्हॅल्युएशन कमी आलं तर काय करायचं ते पावतीतच लिहून घ्या. कोणी म्हणेल वरचे कॅशमध्ये घ्या, अजिबात घेऊ नका, घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं कायद्याने बंद आहे.

आम्ही मग सोसायटीच्या जुन्या चेअरमनकडून दाखल्याची झेरॉक्स शोधली, मंजूर नकाशा काढला, आमच्या लाइनमधल्या दोन व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या नोंदीचे उतारे, काढले आणि त्या मुलांनी दुसऱ्या बँकेत अर्ज केला. तिथला रिपोर्ट ४९ चा आला. आम्ही ५० ला खाली आलो, बाल्कनीचे पैसे आमच्याच पदरचे गेले असं समजून. त्यांना ३९ लाख २० हजार मिळाले आणि उरलेले त्यांनी उभे केले.

बँकांना एवढीच विनंती आहे की रिपोर्ट नका देऊ, पण किती माप धरलं आणि कुठला कागद कमी होता हे तरी विकणाऱ्याला एका कागदावर कळवा, पहिल्या वेळेला ते कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. आमच्या सोसायटीने आता दाखला, नकाशा, एनएच्या (जमीन बिगरशेती झाल्याच्या) ऑर्डरची एक फाइल सेक्रेटरींकडे ठेवलीय. बी विंगमधला एक फ्लॅट विकायला निघालाय, त्यांनी कालच ती नेऊन झेरॉक्स काढल्या.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक