तांडेलकाका, तुमचे आभार मानायचे राहिले होते

तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही लांबलचक मेसेज वाचत नाही. हे पत्र तुमची लेक वाचून दाखवणार आहे, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय.

डिसेंबरातली ती दुपार आठवते? मुंबई बंदरातल्या संक रॉकच्या दीपस्तंभाकडून आपण गेटवेकडे परत येत होतो. बोट 24 फुटी, शिडाची जे-24, वारा वायव्येचा. 10 नॉटांचा वारा बघता बघता 14 वर गेला. आकडा किरकोळ वाटतो, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावरचा भार जवळजवळ दुप्पट! डेकची कड पाण्यात गेली, थर्मास गडगडत केबिनमध्ये गेला आणि त्याच्यामागे आमचे हे. खाली किलचं, म्हणजे तळाच्या जड पात्याचं, वजन आहे, बोट सहजी उलटत नाही, हे मला माहीत होतं. त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मी घाबरून मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाचा दोर, आणखी आवळली. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरला होता, तरी बोटीचं नाक वाऱ्यात घुसतच होतं.

तुम्ही ओरडला नाहीत. टिलरकडे बघून म्हणालात, "सुकाणू ब्रेकसारखं आडवं धरलंयस, बोट पळेल कशी? हात जड आहे तुझा. सोड."

मी वीतभर मेनशीट सोडली. "अजून." हातभर सोडली. शिडाचा वरचा भाग उघडला आणि मागच्या कडेची लोकरीची दोरी सरळ उडायला लागली. बोटीला आडवी पाडतो तो उंचावरचा वारा, तो आधी सांडू द्यायचा, हे तिथे कळलं. मग तुम्ही बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून धरणारा ताण, ओढलात. डोलकाठी वाकली, शीड सपाट झालं आणि "शिडाचं पोट आत घे" म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसलं. शिडाची खालची कड ओढणारा आउटहॉल ताणला, मेनशीट आडवी सरकवणारा ट्रॅव्हलर वाऱ्याखालच्या बाजूला सरकवला. डोलकाठीजवळ शीड जरा फडफडलं, तर तुम्ही म्हणालात, "फडफडू दे. एवढं करूनही कलली तर रीफ घाल, शीड लहान कर, लाजायचं नाही."

डेकची कड वर आली. टिलर दोन बोटांत मावला आणि बोट चक्क जोरात धावू लागली! ही सगळी नावं मला क्लासमध्ये पाठ झाली होती. पण दोर सोडला की वेग जातो, ही समजूत काही गेली नव्हती.

गेल्या रविवारी बंदरातल्याच मिडल ग्राउंड बेटाजवळ पाण्यावर वाऱ्याच्या झोताचा काळसर पट्टा सरकत येताना दिसला. तो पोचायच्या आत मी ट्रॅव्हलर खाली सोडला. बोट जेमतेम मान तुकवून पुढे गेली. ह्यांनी नव्या थर्मासातून दोन कप भरले, एक तुमच्या नावाचा. तोही मीच प्यायले.

तुमची,
जड हाताची शिकाऊ