सेल्फ नाही घेतला म्हणजे बॅटरीच गेली असं नसतं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात उन्हाळ्यात गाडी कशी सांभाळावी म्हणून चौकट आली होती. टायरची हवा, कुलंट, एसी सगळं होतं आणि शेवटी एक ओळ, गाडी सेल्फ घेत नसेल (म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर, तीच सेल्फ, फिरत नसेल) तर बॅटरी बदलून टाकावी. साहेब, असल्याच सल्ल्यापायी माझे साडेचार हजार गेलेत म्हणून लिहितोय.

मे महिन्यात चोपड्याला लग्न होतं, तिकडून भुसावळला येताना किनगावला रसवंतीवर थांबलो. दुपारचे दोन, ऊन 44 च्या पुढे, बोनेटवर भाकरी भाजून निघाली असती. रस पिऊन आलो, चावी फिरवली तर नुसतं टक. परत फिरवली, परत टक. माझी गाडी 2005 ची, साधी गिअरवाली, तोपर्यंत कधी रस्त्यात सोडलं नव्हतं तिनं. केळीच्या बागेतून येणारी चार पोरं थांबली, काय झालं भो सेल्फ घेत नाही का, म्हणे बसा आत. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, चावी ऑन, गाडीने पळ घेतला की क्लच सोडला आणि एका झटक्यात चालू. (धक्का स्टार्ट करताना एक ध्यानात ठेवा, इंजिन चालू होईपर्यंत ब्रेक जड लागतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही, म्हणून उतारावर एकट्याने असला प्रयोग नको.)

आता खरं तर अर्धा निकाल तिथेच लागला होता, मलाच कळलं नाही. धक्क्यावर लगेच चालू झाली म्हणजे पेट्रोल, प्लग, इंजिन सगळं ठीक, भानगड फक्त बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या रस्त्यात. पण गावात आल्यावर एका दुकानात गेलो, त्यांनी बोनेट उघडलं, मीटर नाही काही नाही, बॅटरी गेली काका, नवी टाका. टाकली. तीन दिवस गाडी मस्त चालली, चौथ्या दिवशी टक. तर म्हणे मग सेल्फ गेला असेल, रिपेअर नका करू, नवाच घ्या. तेव्हा मात्र मी गाडी धक्का मारून घरी आणली.

मग शेजाऱ्याने एका म्हाताऱ्या वायरमनला आणलं. त्या माणसाने बोनेटला हातसुद्धा लावला नाही, पहिलं विचारलं, क्लच जड लागतोय का हल्ली? मी म्हटलं हो, दोन-तीन महिने झाले, पण त्याचा इथे काय संबंध. ते हसले फक्त. मग हेडलाईट लावायला सांगितले, स्वतः समोर उभे राहिले आणि म्हणाले मार सेल्फ. टक झालं पण उजेड जसाच्या तसा.

हीच गोष्ट तुम्ही छापायला पाहिजे साहेब. चावी फिरवल्यावर लाईट एकदम मंद होऊन विझायला आले तर बॅटरी उतरलेली किंवा तिची टर्मिनलं खराब, पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखी. तिथे दहाचा पाना, गरम पाणी आणि पॉलिश पेपर एवढ्यावर कितीतरी गाड्या चालू होतात. लाईट जोरात आहेत आणि नुसतं टक येतंय तर सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकाचा स्विच), आतले कार्बन, नाहीतर जाड वायरी आणि अर्थिंग. लाईट जोरात आणि टकसुद्धा नाही तर चावीचा स्विच, रिले, आणि काही गाड्यांना क्लच पेडलपाशी एक छोटा स्विच असतो, क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरूच देत नाही, तो. नुसते लाईट लागतात म्हणून बॅटरी चांगली असंही नाही बरं, एका हेडलाईटला चार-पाच अँपिअर लागतात आणि सेल्फला शंभराच्या वर, म्हणून चावी फिरवतानाच बघायचं.

माझ्या गाडीत त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं सरळ इंजिनच्या लोखंडाला लावलं, सेल्फ मारला, मीटरवर 3 व्होल्ट. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा यायला नको म्हणे. सेल्फ इंजिनलाच बोल्टने कसलेला असतो, त्याला मायनसची वेगळी वायर नसते, करंट परत येतो तो गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणाऱ्या पट्टीतून. ती पट्टी वरून धड दिसत होती, वाकवली तर आतून हिरवी भुकटी. मग एवढा करंट जाणार कुठून, तर क्लचच्या केबलमधून जात होता बिचारा, तीही गिअरबॉक्सपासून बॉडीलाच येते ना! केबल आतून भाजून आखडलेली, म्हणून क्लच जड. मी कपाळाला हात लावला. नवी पट्टी दीडशे रुपयाची, केबल वेगळी. नव्या बॅटरीने तीन दिवस का चालली तर नव्याचा जोर आणि बसवताना टर्मिनलं घासून घट्ट आवळलेली, तेवढ्यावर ढकलत होती.

आपल्याकडच्या उन्हानं बॅटरी लवकर मरते हे खोटं नाही, पाणी उडतं, त्यात डिस्टिल्ड वॉटरच टाकावं, नळाचं नको. पण दुकानात आधी मीटर लावून दाखवा म्हणायला लाजायचं काय? रात्रभर उभ्या गाडीत चांगली चार्ज बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली पडली तर संशय घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. मारुती 800 बनणं 2014 ला बंद झालं तरी खेड्यापाड्यात अजून कितीतरी पळतायत, त्या लोकांना साडेचार हजार म्हणजे थोडे नाहीत.

आमचे वडील जीपला हॅण्डल मारायचे तेव्हा सांगायचे अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, उलटा झटका आला तर मनगट जाईल. हॅण्डल जड की हलकं यावरूनच त्यांना इंजिन मोकळं आहे का जाम ते कळायचं. आता हॅण्डल नाही, पण चावी बंद करून गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागे-पुढे ढकला, सेल्फचं दातं फ्लायव्हीलमध्ये (सेल्फ ज्याला फिरवतो ते इंजिनचं मोठं दातेरी चाक) अडकलं असेल तर कधी कधी एवढ्यानेच सुटतं. ऑटोमॅटिकवाल्यांना ही सोय नाही, आम्हाला आहे.

राहिली माझी जुनी बॅटरी. ती चांगलीच होती हे आता कळलं, पण दुकानदाराने पाचशे रुपये कमी करून एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतली. कोणाच्या तरी गाडीत सेकंडहॅण्ड म्हणून मजेत सेल्फ मारत असेल.

आपला एक वाचक,
भुसावळ