महाराजबागेत संत्र्याची बारा झाडे: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,
स.न.वि.वि.

नागपूर शहरातल्या बागेविषयीचे पत्र महापालिकेकडे जायचे ते आपल्याकडे कसे आले, असा प्रश्न आपल्या कार्यालयात हा कागद उघडणाऱ्याला आधी पडेल. महाराजबाग महापालिकेची नाही, म्हणून ते आपल्याकडे आले. भोसल्यांच्या काळातली ही बाग, जिच्यात १८९४ पासून प्राणिसंग्रहालय आहे, आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे असून १९०६ साली स्थापन झालेले नागपूरचे कृषी महाविद्यालय तिची व्यवस्था पाहते. सीताबर्डीच्या गर्दीतून पायी जाता येईल अशी ही राजाची बाग शेतीखात्याच्या पंखाखाली आहे, आणि माझे मागणे नेमके त्याच्याशीच निगडित आहे.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी मी आठ वर्षांच्या नातीला घेऊन बागेत गेलो होतो. वाघ-हरिणे पाहून झाली, पाय दुखू लागले, तेव्हा एका झाडाच्या सावलीत बसून आम्ही घरून आणलेली संत्री सोलली. फोड तोंडात असतानाच तिने विचारले, "आजोबा, संत्र्याचं झाड केवढं असतं? नारळाएवढं?" मी हसलो खरा, पण लगेच ओशाळलोही. माझा जन्म काटोल तालुक्यातला, संत्र्याच्या बगीच्यात लहानाचा मोठा झालेला. नागपूरला संत्रानगरी म्हणवून घेताना आपली छाती फुगते, नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि त्याच नागपुरात वाढलेल्या माझ्या नातीने संत्र्याचे झाड पाहिलेले नाही. "ते बघ" म्हणून बोट दाखवावे असे एखादे झाड त्या दिवशीच्या आमच्या फेरीत मला दिसले नाही.

रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून संत्र्याची कलमे नागपुरात आणली, असे आमच्याकडे पूर्वापार सांगतात. ती पहिली कलमे कोठे लागली याच्या वादात मी शिरत नाही. परंतु ज्या घराण्याने संत्रा आणला असे आपण मानतो, त्याच घराण्याची बाग आणि तिचा सांभाळ करणारे कृषी विद्यापीठ हे दोन्ही एका ठिकाणी असताना, तेथे संत्र्याची निदान बारा झाडे असावीत, एवढीच माझी विनंती आहे. सहा बाय सहा मीटर अंतराने लावली तर बारा झाडांना साडेचारशे चौरस मीटरपेक्षाही कमी जागा लागते.

जागा मात्र पाहून निवडावी. बागेच्या कडेने नाग नदी वाहते, आणि संत्र्याला साचलेले पाणी मुळीच चालत नाही. मुळे व बुंधा कुजून डिंक्या रोग लागतो आणि भरात आलेले झाड पाहता पाहता वाळते. तेव्हा नदीकाठची सखल जागा टाळून निचऱ्याची उंचवट्याची जागा घ्यावी. कलमे जंबेरी लिंबाच्या खुंटावरची आणि डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून नऊ इंच तरी वर बांधलेली असावीत. माझे वडील रोपवाटिकेत गेले की आधी खाली वाकून वीत लावून डोळ्याची उंची मोजत आणि मगच भावाचे बोलत. हे सारे विद्यापीठातल्या मंडळींना मी सांगायला नको, शिवाय केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था अमरावती रस्त्यावरच आहे. तरी जुनी खोड, लिहिल्याशिवाय राहवत नाही.

झाडे नुसती शोभेची नसावीत, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. सहा झाडांवर आंबिया बहर घ्यावा आणि सहांवर मृग. आंबियाची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृगाची पावसाच्या सुरुवातीला. म्हणजे बागेत येणाऱ्याला वर्षातून दोनदा तो फुलांचा वास मिळेल, जो एकदा नाकात बसला की माणूस कोठेही गेला तरी विसरत नाही. झाडांना ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचे कशासाठी, बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे कसे करतात, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, का लावतात, हे मराठीत चार-चार ओळींत लिहिलेली पाटी प्रत्येक झाडाजवळ असावी. तीन रुपये किलोनेही संत्रा विकला न जाण्याचे दिवस ज्याने घरात पाहिले आहेत, त्याला शहरातल्या मुलांना या फळामागचे कष्ट दिसावेत असे वाटले तर आपण ते समजून घ्याल.

फळे चोरीला जातील, असा शेरा फाइलवर येईल. जातील. शाळकरी पोरांनी चार संत्री तोडली तर त्यात विद्यापीठाचे फारसे काही बुडणार नाही. प्राणी महाराजबागेत राहावेत की गोरेवाड्याला जावेत, हा वादही या मागणीच्या आड येऊ नये. गोरेवाडा प्राणिउद्यान जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून ती चर्चा अधूनमधून होते. पिंजऱ्यांचे काहीही ठरो, झाडांना त्याने फरक पडत नाही.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असाल. विधानभवनापासून महाराजबाग गाडीने काही मिनिटांच्या वाटेवर आहे. एखाद्या सकाळी, कामकाज सुरू होण्यापूर्वी, जागा पाहून घ्यावी. अधिवेशनातच निर्णय झाला तर एप्रिलमध्ये खड्डे खणून ते महिनाभर उन्हात तापू देता येतील आणि पाऊस स्थिरावला की जुलैत कलमे लागतील. फळ धरायला पुढे पाच-सहा वर्षे जातील. नात तोपर्यंत दहावीच्या उंबरठ्यावर असेल.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
धरमपेठ, नागपूर.