पीस कुणाचं, ते आधी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात गच्चीवर एक लांब, पट्ट्यांचं पीस सापडलं. "घुबडाचं आहे, कुणीतरी करणी केली" असं म्हणत मंडळींची मजल लिंबू-मिरचीवरून थेट माळ्याच्या झरोक्याला जाळी ठोकण्यापर्यंत गेली. पिसाला हात लावायला मात्र कुणी तयार नाही. शेवटी मीच उचललं. माझा धंदा ब्लाउज शिवण्याचा; वस्तू बोटांनी पाहायची सवय.

घुबडाचंच आहे, यात वाद नाही. वरच्या अंगाला मखमलीसारखी लव आहे. घारीच्या किंवा कबुतराच्या पिसाला ती नसते. ते हवेत फिरवलं की आवाज करतं. हे अगदी कानाजवळ हलवलं तरी काही ऐकू येत नाही. पुढच्या कडेला भिंगातून पाहिलं, तर बारीक दात्यांची फणी दिसते. ही फणी पंखाच्या अगदी टोकाकडच्या, बाहेरच्या पिसाला असते. तिथे वारा कापला जातो, मागच्या कडेची विरविरीत झालर उरलेला आवाज जिरवते आणि उंदराला चाहूलच लागत नाही. (मासे खाणाऱ्या घुबडांच्या पिसांना ही फणी आणि लव नसते म्हणतात. पाण्यातल्या माशाला पंखांचा आवाज कुठून ऐकू येणार!)

आता कोणतं घुबड? टेप लावली, साडेआठ इंच भरलं. म्हणजे पिंगळा बाद. तो पक्षीच जेमतेम तेवढा, आणि त्याची पिसं तपकिरीवर पांढऱ्या ठिपक्यांची. शृंगी घुबड बरंच मोठं, पिसंही गडद. हे पीस सोनेरी-पिवळसर, त्यावर राखाडी बारीक चूर्ण भुरभुरल्यासारखं, मोजकेच काळपट पट्टे आणि आतली कड जवळजवळ पांढरी. हे गव्हाणी घुबड. बरेच जण कोकिळेच्या मादीचं पट्टेरी पीस पाहूनही घुबड-घुबड करतात, पण त्यावर बोट फिरवलं की लव लागत नाही, तिथेच निकाल लागतो.

झरोक्याखाली घुबडानं ओकून टाकलेल्या काळपट गोळ्याही पडल्या होत्या. एक कोमट पाण्यात भिजवून सुईनं सोडवली. आत केसांचा लगदा आणि उंदराच्या कवट्या, पिवळ्या दातांसकट. आमच्याच गल्लीतले उंदीर, दुसरे कुठले!

राहिली करणी. उपटलेल्या पिसाच्या मुळाशी रक्त-मांस असतं. याचा देठ कोरडा, स्वच्छ. पक्ष्यानं जुनं पीस टाकलं, एवढंच.

लक्ष्मीपूजनाला ज्या देवीची आरती करायची, तिच्याच वाहनाला दिवाळीच्या तोंडावर पकडून विकायचं, हा आपल्याकडचा उफराटा धंदा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घुबड पकडणं, मारणं गुन्हा आहे आणि त्याचं पीस घरात जपून ठेवणंही चालत नाही. सूट आहे ती मोरपिसाला. म्हणून हे पीस मी वनविभागाकडे देणार आहे.

पण जाळीचं काय? संध्याकाळी झरोक्यातून फिस्कारल्यासारखा आवाज येतो, म्हणजे आत पिल्लं असावीत. जाळी ठोकली तर आई-बाप बाहेर आणि पिल्लं आत उपाशी. घरमालकांना मी सांगून थकले. बाईमाणसाचं कोण ऐकतो? छापलेलं मात्र ते वाचतात.

म्हणून विनंती अशी, की दिवाळीच्या आत गव्हाणी घुबड, पिंगळा, घार आणि कोकिळेची मादी यांच्या पिसांची छायाचित्रं आपल्या दैनिकात शेजारी शेजारी, शक्यतो खऱ्या मापात छापावीत. सोबत वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांकही द्यावा. पिल्लू खाली पडलं तर कुणाला कळवायचं, हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. कात्रण मी वाड्याच्या दारावर चिकटवीन, घरमालकांच्या नावाच्या पाटीखालीच.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक,
महाल, नागपूर